गाडी-सल्ला : वरचं व्हेरियंट की कामाचं?

या वेळच्या पत्रांत बहुतेकांनी एकच गोष्ट विचारली आहे. गाडी ठरली, पण व्हेरियंट (त्याच गाडीचा कमी-जास्त सोयींचा प्रकार) ठरत नाही. उत्तरं देताना आम्ही एक कसोटी लावली आहे : जी वस्तू नंतर बाजारातून बसवता येते, तिच्यासाठी वरच्या व्हेरियंटचे पैसे घालू नयेत. जी नंतर बसवता येत नाही, तिथे हात आखडता घेऊ नये.

प्रश्न : डाळिंबाची बाग डांबरी रस्त्यापासून दोन किलोमीटर आत, पाणंदीने. पावसाळ्यात ट्रॅक्टरशिवाय पोचता येत नाही. महिंद्राची थार एलएक्सटी डिझेल घ्यायचं ठरवलं आहे. टू व्हील ड्राइव्ह आणि फोर बाय फोर यांत तीन लाखांहून जास्त फरक पडतो. सेल्समन म्हणतो, 'गाडी तीच, रुबाब तोच.' मग फरक कशाचा? – एक वाचक, मोहोळ

रुबाब तोच आहे, हे खरं. बाकी बरंच वेगळं आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये थारची नावं बदलून एएक्सटी आणि एलएक्सटी झाली. त्यातला घोळ असा की एलएक्सटी टू व्हीलमध्येही मिळते आणि फोर बाय फोरमध्येही. त्यामुळे नुसत्या नावावर बुकिंग करू नका. कोटेशनवर 'फोर डब्ल्यूडी' किंवा 'आरडब्ल्यूडी' हे स्पष्ट लिहून घ्या. आरडब्ल्यूडी म्हणजे फक्त मागची चाकं ओढणार.

इंजिनही तेच नाही. टू व्हील डिझेलला १.५ लिटरचं, ११७ अश्वशक्तीचं इंजिन आहे. फोर बाय फोर डिझेलला २.२ लिटरचं, १३० अश्वशक्तीचं. आता पैशाकडे या. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आत लांबी आणि १५०० सीसीपर्यंत डिझेल इंजिन असलेल्या गाडीला १८ टक्के जीएसटी लागतो, त्यावरच्या गाडीला ४० टक्के. थारची लांबी ३९८५ मिलिमीटर आहे, म्हणून १.५ लिटरची थार १८ टक्क्यांत बसते आणि २.२ लिटरची बसत नाही. म्हणजे तुम्हाला सांगितलेल्या फरकातला मोठा वाटा कराचा आहे, सगळाच काही लोखंडाचा नाही.

तरीही तुमच्या पाणंदीला फोर बाय फोरच. काळी माती भिजली की टायरच्या खाचांत बसते आणि निघत नाही. चार-सहा चकरांत नवा कोरा टायरही गोटा होतो. साध्या डिफरेन्शियलचा (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या यंत्रणेचा) स्वभाव असा की ज्या चाकाला पकड नाही, तेच चाक तो फिरवत बसतो. मागचं एक चाक चाकोरीत गरागरा फिरतं, दुसरं जागेवर उभं. गाडीची जमिनीपासूनची उंची इथे कामाला येत नाही, कारण गाडी पोटावर बसायच्या आधीच चाक रुतलेलं असतं. फोर बाय फोरमध्ये पुढची चाकंही ओढतात, आणि लो रेंजमुळे (कमी वेगात जास्त जोर देणाऱ्या गिअरमुळे) क्लच न जाळता सावकाश जाता येतं.

एक गोष्ट मात्र खोदून विचारा : मागच्या अॅक्सलला (दोन चाकांमधल्या दांड्याला) मेकॅनिकल लॉक, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी यंत्रणा आहे, की फक्त ब्रेकवर चालणारा लॉक? हे इंजिन आणि व्हेरियंटनुसार बदलतं, म्हणून तोंडी उत्तरावर विसंबू नका. ब्रेकवाला प्रकार फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसऱ्या चाकाकडे ढकलतो. थोड्या अंतरासाठी ठीक, पण लांबच्या चिखलात ब्रेक तापतात आणि तो दम सोडतो. मेकॅनिकल लॉक दोन्ही चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की स्वतःहून बसतो आणि ताशी ३० किलोमीटरच्या आसपास वेग गेला की सुटतो. म्हणजे आधी चाक थोडं फिरावं लागतं. नवीन माणूस इथेच चुकतो : चाक फिरलं की घाबरून अॅक्सिलरेटर सोडतो, लॉक बसत नाही, पुन्हा दाबतो आणि गाडी आणखी खाली जाते. पाय एकाच दाबावर स्थिर धरा. मागून 'खट्' आवाज आला तर घाबरू नका, तो लॉक बसल्याचा आहे.

आणि एक आगाऊ सल्ला. पाणंदीचा खराब तुकडा दोन किलोमीटर नसून शे-दोनशे मीटरचाच असेल, तर आधी तीन लाखांत किती मुरूम येतो याचा हिशेब करा. शेजारच्या शेतकऱ्यांनी वाटा उचलला तर टू व्हील ड्राइव्हवरही भागेल.

प्रश्न : मारुतीची जिम्नी झीटा की अल्फा? वापर शेत आणि बार्शी शहर. – एक वाचक, बार्शी

झीटा. दोन्हींना तीच १.५ लिटर पेट्रोल मोटर, तोच फोर बाय फोर, तोच लो रेंज आणि सहा एअरबॅग आहेत. चिखलात या दोन गाड्यांत काहीही फरक नाही. अल्फात मोठी स्क्रीन, बटन स्टार्ट, क्रूझ कंट्रोल, आपोआप चालणारा एसी, अलॉय चाकं आणि एलईडी हेडलाइट मिळतात. झीटाचं लोखंडी रिम दगडावर आपटून वाकलं तर पंक्चरवाला घणाने सरळ करून देतो. अलॉयला तडा गेला की रिमच बदलायचं. टायर दोन्हींना १९५ मिलिमीटर रुंदीचेच आहेत. दिसायला बारीक, पण बाराशे किलोच्या गाडीला काळ्या मातीत ते बरे पडतात, कारण वरचा गाळ कापून खालच्या घट्ट थरापर्यंत पोचतात. रुबाबासाठी रुंद टायर बसवून हा गुण घालवू नका.

अल्फासाठी एकच सबळ कारण आहे, ते म्हणजे हेडलाइट. ऊसतोडीच्या हंगामात रात्री रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर असतात आणि मागे लाल दिवा सोडाच, रिफ्लेक्टरही नसतो. रात्रीचा प्रवास रोजचा असेल तर अल्फा घ्या. झीटात १०० वॉटचे बल्ब घालण्याची शक्कल करू नका. होल्डर आणि वायरिंग ५५-६० वॉटसाठी असतं, ते वितळतं. वायरिंग कापलं की त्या भागाची वॉरंटीही अडचणीत येते.

टाकी फक्त ४० लिटरची आहे, हेही लक्षात असू द्या.

प्रश्न : थार रॉक्स (पाच दारांची थार) फोर बाय फोर घेतोय. एमएक्स५ की एएक्स७एल? महिन्यातून एक-दोनदा पुणे, बाकी मंगळवेढ्याचं रान. – एक वाचक, सोलापूर

रॉक्समध्ये फोर बाय फोर फक्त डिझेललाच आहे. एमएक्स५ला तो मॅन्युअल गिअरबॉक्ससोबत मिळतो, एएक्स५एलला ऑटोमॅटिकसोबत, आणि एएक्स७एलला दोन्हींसोबत. म्हणजे तुमच्यापुढे दोन नाही, तीन व्हेरियंट आहेत. आधी गिअरबॉक्स ठरवा. तो नंतर बदलता येणार नाही.

मग चाकांकडे बघा. एमएक्स५ला २५५/६५ आर १८ टायर, एएक्स७एलला २५५/६० आर १९ (पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, तिसरा रिम इंचांत). शोरूममध्ये १९ इंची चाक जास्त भारदस्त दिसतं, पण हिशेब मांडा. पहिल्या टायरच्या बाजूच्या रबराची उंची २५५ गुणिले ०.६५, म्हणजे सुमारे १६६ मिलिमीटर. दुसऱ्याची २५५ गुणिले ०.६०, म्हणजे १५३. चाकाची एकूण उंची दोन्हीकडे ७८९ मिलिमीटरच भरते. गाडी एक मिलिमीटरनेही उंच होत नाही, उलट रिम आणि दगड यांच्यामधलं रबर १३ मिलिमीटरने कमी होतं. रानात शिरताना हवा ३२ पीएसआयवरून २० पर्यंत उतरवायची असते, तेव्हा हेच रबर पसरून पकड देतं. १९ इंचीत त्याला पसरायला जागा कमी, आणि रिम लागायची भीती जास्त. तालुक्याच्या गावी टायर फाटला तर त्या मापाचा टायर लगेच मिळेल का, हे तिथल्या टायरवाल्याला आधीच विचारून ठेवा.

एएक्स७एलच्या बाजूने बोलायचं तर पुढच्या हवेशीर सीट. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे गेल्यावर त्यांची किंमत कळते, आणि नंतर बाजारात तितक्या चांगल्या बसवून मिळत नाहीत. ३६० अंश कॅमेरा बांधावरून वळताना उपयोगी आहे, पण लेन्सवर चिखल उडाला की काही दिसत नाही. काचेवरच्या कॅमेऱ्यावर चालणाऱ्या सुरक्षा प्रणालीचंही तसंच : काच बदलली तर कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, आणि तो खर्च विम्यात बसतो का ते विचारा. बिनदिव्याच्या ट्रॉलीसमोर तिच्या भरवशावर गाडी सोडू नका.

आमचं मत : रानासाठी एमएक्स५. घरात दुसरी गाडी नसेल आणि पुण्याच्या फेऱ्या वाढणार असतील तर एएक्स७एल घ्या, पण पहिला टायरचा संच झिजल्यावर १८ इंची चाकं कंपनीच्या मापात बसवून घ्या आणि विमा कंपनीला तसं कळवा.

प्रश्न : पावसात हायवेवर फोर बाय फोर टाकून चालवलं तर गाडी जास्त सुरक्षित राहील ना? – एक वाचक, अक्कलकोट

नाही. थार, रॉक्स, जिम्नी यांत फोर बाय फोर टाकला की पुढचा आणि मागचा अॅक्सल एकत्र बांधले जातात, दोन्हींच्या मध्ये डिफरेन्शियल नाही. वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं. चिखलात चाक थोडं घसरून तो हिशेब जुळवतं, डांबरावर घसरत नाही. मग ताण शाफ्टमध्ये साचतो, स्टिअरिंग जड होतं, टायर उड्या मारतात आणि लिव्हर अडकतो. अडकलाच तर जोर लावू नका. सरळ रेषेत चार-पाच फूट मागे घ्या, सुटतो. लो रेंज टाकताना थार पूर्ण थांबवा, गिअर न्यूट्रलमध्ये घ्या, मगच लिव्हर हलवा. कोरड्या दिवसांतही महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर काही किलोमीटर फोर बाय फोर चालवावा, म्हणजे पुढच्या भागातलं तेल फिरतं.

प्रश्न : वरचं व्हेरियंट घेतलं तर आरटीओचा खर्च किती वाढतो? – एक वाचक, पंढरपूर

महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या डिझेल गाडीला एक्स-शोरूम (आरटीओ आणि विम्याआधीच्या) किमतीवर १० लाखांपर्यंत १३ टक्के, १० ते २० लाखांमध्ये १४ टक्के आणि त्यापुढे १५ टक्के कर आहे. पेट्रोलला ११, १२ आणि १३. गोम अशी की वरचा दर जादा रकमेवर नाही, पूर्ण किमतीवर लागतो. १९ लाख ९० हजारांच्या डिझेल गाडीचा कर २,७८,६०० रुपये. २० लाख १० हजारांच्या गाडीचा ३,०१,५००. गाडी २० हजारांनी महागली आणि कर जवळजवळ २३ हजारांनी. कोटेशन २० लाखांच्या काठावर असेल तर एखाद्या रंगासाठी किंवा व्हेरियंटसाठी ती रेघ ओलांडताय का, ते बघा. फर्मच्या नावावर घेतली तर दर थेट २० टक्के.

दहा लाखांवरच्या गाडीवर एक टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आगाऊ आयकर) घेतात. तो खर्च धरू नका. पावती जपून ठेवा, आयकर विवरणपत्रात ती रक्कम भरायच्या करात वळती होते किंवा परत मिळते.

वाचलेल्या पैशांतून पुढे लोखंडी बुलबार लावायचा बेत असेल तर सोडून द्या. डिसेंबर २०१७ पासून केंद्र सरकारने तो बेकायदा ठरवला आहे, शिवाय धडकेच्या वेळी एअरबॅगच्या सेन्सरचं गणित बिघडतं. त्याऐवजी बॅटरीला थेट चिमटे लावून चालणारा हवेचा कॉम्प्रेसर, प्रेशर गेज आणि ओढायचा जाड पट्टा घ्या. कॉम्प्रेसर डॅशबोर्डच्या सॉकेटवर चालवू नका, फ्यूज उडतो.