सिनेमा-मालिकांत लाल केसांची पात्रं कशी दाखवतात? आमच्या शॉर्टफिल्ममध्ये तसं पात्र कसं उभं करावं?

तुमची नायिका अजिंठा बघायला जळगावात उतरलेली आयरिश विद्यार्थिनी आहे, भूमिका करणारी मुलगी भुसावळची, केस काळेभोर. टोप (विग) घातला तर खोटं दिसेल का, असं तुम्ही विचारलंय. टोप हा प्रश्न दुय्यम आहे. पडद्यावर गाजलेल्या लाल केसांतले कितीतरी मुळात खोटेच आहेत.

रीटा हेवर्थचं खरं नाव मार्गारीटा कान्सिनो. वडील स्पॅनिश, केस गडद. तिच्या कपाळावरचे केस इलेक्ट्रॉलिसिसने काढून कपाळ रुंद केलं, केस तांबडे रंगवले आणि मग ती हॉलिवूडची लाल केसांची मोहिनी झाली. १९४६ चा 'गिल्डा' तर कृष्णधवल! लूसिल बॉलचे केस मूळचे तपकिरी. 'आय लव्ह लूसी' (१९५१ ते १९५७) ही मालिकासुद्धा कृष्णधवल, तरी ती लोकांच्या डोक्यात लाल केसांचीच. १९३२ च्या 'रेड-हेडेड वुमन'मध्ये जीन हार्लो ही पांढुरक्या सोनेरी केसांची नटी चक्क लाल टोप घालून होती. 'एक्स-फाइल्स' मालिकेतल्या स्कली या नायिकेचे केसही रंगवलेले. म्हणजे रंग दिसो न दिसो, 'ही लाल केसांची आहे' एवढं कळलं की प्रेक्षक तिचा स्वभाव स्वतःच भरून घ्यायचा.

तो स्वभाव ठरलेला असतो. बाई असेल तर एकतर पुरुषांना नादी लावणारी, नाहीतर तापट, हट्टी, कुणाचं न ऐकणारी. 'ब्रेव्ह' या ॲनिमेशनपटातली (२०१२) राजकन्या मेरिडा ही दुसऱ्या प्रकारातली. पुरुषाच्या वाट्याला मात्र बहुधा थट्टा येते: चेहऱ्यावर वांगासारखे ठिपके, नायकाचा गबाळा मित्र, वर्गात मार खाणारा पोरगा. याची मुळं जुनी आहेत. युरोपातल्या मध्ययुगीन चित्रांत येशूला दगा देणाऱ्या ज्यूडासला अनेकदा लाल केस दिलेले दिसतात, आणि आयरिश-स्कॉटिश लोकांबद्दलची इंग्रजांची अढी त्यात मिसळली. 'साउथ पार्क' या अमेरिकन कार्टून मालिकेने २००५ मध्ये या पूर्वग्रहाची टर उडवायला एक भाग केला. पुढे पोरांनी तोच धागा पकडून शाळेत लाल केसांच्या मुलांना लाथा मारायचा 'दिवस' काढला. टिंगल कुणाची चाललीय हे सगळ्यांना कळतंच असं नाही.

आता गोम अशी की हा संकेत खान्देशात पोचत नाही. आपल्याकडे तांबडे केस म्हणजे मेंदी लावलेले आजोबा, नाहीतर उन्हात हिंडणारं, डोक्याला तेल न लागलेलं पोर. प्रथिनांच्या कमतरतेने मुलांचे केस तांबूस आणि विरळ होतात, हेही सातपुड्यातल्या कुपोषणाच्या बातम्या वाचणाऱ्याला माहीत असतं. २०१६ च्या 'फितूर'मध्ये तब्बू आणि कतरिना दोघींचे केस लाल होते. त्यात काश्मीर, चिनाराची पानं, सगळी चौकट त्या रंगाभोवती बांधली होती, म्हणून चाललं. तुमच्या फिल्ममध्ये नुसते केस लाल करून 'मुलगी बंडखोर आहे' हे कळणार नाही. बंडखोरी प्रसंगातून दाखवा.

कुणीतरी तुम्हाला 'आई आयरिश, वडील जळगावचे असं करून टाका' असा सल्ला देईलच. तो जसाच्या तसा घेऊ नका. लाल केस बहुतांशी एमसी१आर या जनुकाच्या बदललेल्या रूपामुळे येतात आणि ते रूप साधारणपणे आई-वडील दोघांकडून यावं लागतं. जगातच असे लोक एक-दोन टक्के. वडील खान्देशी असतील तर पोरीचे केस जवळपास नक्की काळे किंवा गडद तपकिरी.

माझ्या मते सरळ मार्ग हा: मिश्र घरातलीच मुलगी ठेवा, पण तिने आयरिश आजीसारखे दिसावेत म्हणून केस *रंगवलेले* आहेत असं एका वाक्यात सांगून टाका. मग काळ्या भुवया, सावळा रंग, दिसणारी मुळं, सगळं खरं ठरतं. चेहरा पांढरा फासायची गरज उरत नाही, आणि ते फासणं तसंही वाईटच दिसतं.

छटा कोणती? 'लाल' शब्दावर जाऊ नका. चिंचेने नुकताच घासलेला तांब्याचा हंडा म्हणजे हलका जिंजर, आठवड्याने काळवंडलेला म्हणजे ऑबर्न. सावळ्या चेहऱ्याला दुसरा जास्त शोभतो.

काळ्या केसांवर नुसत्या मेंदीने उन्हात झाक येते, कॅमेऱ्यात नाही. ब्लीच लागतंच. पण सोनेरीपेक्षा हे काम सोपं, कारण काळे केस उतरताना आधी लालसर तपकिरी, मग नारिंगी, मग पिवळे होतात. तुम्हाला नारिंगीवर किंवा त्याच्याही आधी थांबायचंय. ब्लीच पावडरीत मिसळायचं द्रावण म्हणजे डेव्हलपर, ते २० व्हॉल्यूमचं (६ टक्के पेरॉक्साइड) घ्या, फार तर ३०. घाईत ४० लावलं की टाळू भाजते. आधी लांबीला लावा, मुळाशी शेवटी. टाळूच्या उबेने मुळं लवकर उतरतात आणि डोक्यावर पिवळा पट्टा पडतो. मुलीने आधी बाजारची 'काळी मेंदी' लावलेली असेल तर थांबा. काहींत धातूंचे क्षार असतात, पेरॉक्साइडशी गाठ पडली की केस तापतात, तुटतात. फणीत आलेले चार केस काचेच्या वाटीत ब्लीचमध्ये ठेवून बघा. वाटी गरम झाली किंवा केस विरघळायला लागले तर टोपच वापरा. रंगाची ॲलर्जी आहे का याची चाचणी कानामागे ४८ तास आधी.

लाल रंग सगळ्यात लवकर धुपतो, म्हणून शूटिंगच्या दोन-तीन दिवस आधी रंगवा आणि दृश्यं सलग उरका. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी कढत येतं, ते केसांवर घेऊ नका. माठातलं थंड पाणी घ्या.

टोपच घेतलात तर सिंथेटिकची चमक मारायला टाल्कम पावडर ब्रशने लावून झटका. केस सरळ करायचं मशीन लावू नका, टोप वितळतो. कपाळाजवळची रेघ उघडी पाडते, तेव्हा समोरच्या बटा थोड्या पुढे ओढा. भुवयांना काळी पेन्सिल नको, तपकिरी.

कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाप्रमाणे रंग जुळवायची सोय) ऑटोवर ठेवला तर प्रत्येक शॉटमध्ये केस वेगळे दिसतील. दिवसा ५६०० केल्विन, घरातल्या पिवळ्या बल्बला ३२०० वर लॉक करा. लाल रंग आधी जास्त उजळून तपशील हरवतो, म्हणून एक्सपोजर (कॅमेऱ्यात येणारा उजेड) अर्धा ते एक स्टॉप कमी. ऑनलाइन व्हिडिओत रंगाची माहिती प्रकाशाच्या मानाने चौथाईच साठवतात, त्यामुळे लाल साडी किंवा विटांच्या भिंतीपुढे बटांचा चिखल होतो. मागे हिरवं ठेवा. 'लिटल मर्मेड'मध्ये (१९८९) एरिअल या जलपरीच्या लाल केसांखाली हिरवी शेपटी आहे, तेच गणित. तुमच्याकडे त्यासाठी रावेर-यावलच्या केळीच्या बागा आहेत.

मुलीला बागेच्या आत मात्र उभं करू नका. पानांतून गाळून आलेल्या उजेडाने चेहरा आजारी, हिरवट दिसतो. तिला धुऱ्यावर, बाग पाठीशी घेऊन उभी करा, बाजूने पांढऱ्या थर्मोकोलचा उजेड द्या. वेळ सकाळी साडेआठच्या आत, किंवा संध्याकाळी सूर्य खाली आल्यावर, ऊन केसांच्या मागून येईल असं. दुपारच्या उन्हात हेच केस गवताच्या पेंढीसारखे दिसतात.