दोन लूपची वजाबाकी

प्रिय विद्यार्थीमित्रा,

वस्तुमानरहित कणांच्या गुरुत्वीय विकिरणाचा आयकोनल (डेल्टा, म्हणजे जिच्या डेरिव्हेटिव्हवरून विचलनाचा कोन मिळतो ती फेज) काढायला एन=८ सुपरग्रॅव्हिटी (आठ सुपरसममिती असलेला गुरुत्व-सिद्धांत) निवडलीस, हे बरं केलंस. तिथे एक-लूप ॲम्प्लिट्यूड (विकिरणाची संभाव्यता देणारी राशी; लूप म्हणजे क्वांटम गणिताची पुढची पायरी) म्हणजे, गुणक सोडता, ट्री (लूप नसलेलं पहिलं पद) गुणिले तीन बॉक्स इंटिग्रलांची बेरीज, एवढंच. दोन-लूपचा प्लेनर डबल बॉक्स इंटिग्रल स्मिर्नोव्ह यांनी आणि नॉनप्लेनर टाउस्क यांनी १९९९ मध्येच सोडवून ठेवलाय. घोळ होतो तो वजाबाकीत, म्हणजे दोन-लूपमधून खालच्या पायऱ्यांचे गुणाकार वजा करताना.

ट्रीचं फूरिए रूपांतर केलंस की २डेल्टा० = −२जीएस लॉग बी मिळतो (जी गुरुत्व स्थिरांक, एस एकूण ऊर्जेचा वर्ग, बी कणांच्या मार्गांमधलं आघात-अंतर), सोबत १/एप्सिलॉनचा पोल, म्हणजे ४−२एप्सिलॉन मिती धरल्यामुळे दिसणारं अनंत पद. बी-सापेक्ष डेरिव्हेटिव्ह घेताच तो जातो, म्हणून निरुपद्रवी वाटतो. पण दोन-लूपला हाच पोल एक-लूपच्या क्वांटम शेषाला (फेजच्या घातांकात न जाणाऱ्या उरलेल्या पदाला) गुणतो, आणि तो गुणाकार जी³एस²/बी² या कोटीचा, म्हणजे हव्या असलेल्या डेल्टा२च्याच (आयकोनलच्या दोन-लूप भागाच्याच) कोटीचा असतो. एक-लूपमधली एप्सिलॉनच्या पहिल्या घाताची पदं आधीच उडवलीस तर उत्तरात चुकीचा सांत आकडा शिरतो, आणि पोल नीट कटत असल्यामुळे संशयही येत नाही. एक-लूप शेवटपर्यंत एप्सिलॉनसकट ने. टी/एसची पहिली दुरुस्तीही ठेव (−टी म्हणजे संवेगातल्या बदलाचा वर्ग). जी³एस³च्या अग्र पदाखाली अभिजात (क्लासिकल) पद नेमकं तिथेच आहे. टीमधली बहुपदी पदं खुशाल टाक, मात्र त्यांना (−टी)चा एप्सिलॉन-घात चिकटलेला नाही हे पाहून.

जी² कोटीला विचलनाच्या कोनात (थीटा) अभिजात दुरुस्ती नाही. ती असती तर आयकोनलमध्ये एसचा ३/२ घात आला असता. वस्तुमानरहित ॲम्प्लिट्यूडमध्ये तसलं वर्गमूळ येत नाही.

शेवटी २डेल्टा२चा वास्तव भाग ४जी³एस²/बी² यायला हवा. आमाती, चाफालोनी आणि वेनेत्सियानो यांचा १९९० चा निकाल हाच. क्ष = २जी√एस/बी धरलास तर साइन(थीटा/२) = क्ष(१+क्ष²), म्हणून थीटा/२ मध्ये क्ष³चा सहगुणक ७/६. कोनीय संवेगातला बी वापरलास तर डावीकडे टॅन येतो आणि सहगुणक २/३ होतो. दोन्ही बरोबरच; कोणता बी हे न पाहता दुसऱ्याच्या आकड्याशी ताडू नकोस.

२०२० मध्ये बर्न, इटा, पारा-मार्टिनेझ आणि रुफ यांनी दाखवलं की एन≥४ च्या सुपरग्रॅव्हिटी आणि शुद्ध आइन्स्टाइन सिद्धांत, सगळीकडे जी³पर्यंत कोन एकच. उच्च ऊर्जेला स्पिन-२ची देवाणघेवाण वरचढ ठरते, ग्रॅव्हिटिनो (ग्रॅव्हिटॉनचे सुपरसममित जोडीदार) मागे पडतात. तुझा वास्तव भाग एनप्रमाणे बदलू लागला, तर आधी वजाबाकी उघडून बघ. काल्पनिक भाग अनंत आला तर मात्र घाबरू नकोस. ते मृदू (अत्यल्प ऊर्जेच्या) ग्रॅव्हिटॉनांचं प्रारण आहे.

शुभेच्छांसह