नेदरलँड्समधील दूध उत्पादकांना पर्यावरणाच्या नियमांमुळे गाई का विकाव्या लागल्या? आपल्याकडेही असे होईल का?

नायट्रोजनच्या कायद्याने डच शेतकरी बुडवला, हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहजपणे बोलले जाते की तुमचा प्रश्न वाचून गप्प बसणे मला जमले नाही. मी मूळचा सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातला. घरचा गोठा थोरले बंधू पाहतात आणि मी नेदरलँड्सच्या गेल्डरलँड प्रांतात दूध काढणाऱ्या रोबो यंत्रांच्या देखभालीचे काम करतो. त्यामुळे तुम्ही ज्यांच्याविषयी बातम्या वाचता, तशा अनेक गोठ्यांत माझी नित्य ये-जा असते. माझे मत स्पष्ट आहे. नियम असल्यामुळे हे शेतकरी अडचणीत आले नाहीत. नियम उशिरा आला आणि नंतर वारंवार बदलत राहिला म्हणून ते अडचणीत आले. त्याच्याही आधी, जमिनीचा हिशेब न करता गाई वाढवायला लावणाऱ्यांनी त्यांचे नुकसान करून ठेवले होते.

युरोपात १९८४ पासून दुधाला कोटा होता, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त दूध घातले तर दंड बसत असे. हा कोटा १ एप्रिल २०१५ रोजी उठला. तो उठणार हे सर्वांना आधीपासून माहीत असल्याने गोठे वाढवण्याची शर्यत त्यापूर्वीच सुरू झाली होती. माझ्या फेरीतील एका जोडप्याने बँकेच्या आणि सल्लागाराच्या भरवशावर मोठे कर्ज काढून नवा गोठा बांधला, दोन रोबो बसवले आणि बाहेरून गाई विकत घेण्याऐवजी स्वतःच्याच कालवडी वाढवून हळूहळू जागा भरायच्या असे ठरवले. कोणताही समजदार शेतकरी असेच करील.

परंतु देशातील गाई वाढल्या तसे शेणातील फॉस्फेट, म्हणजे पाण्यात उतरले तर पाणी बिघडवणारे खतद्रव्य, युरोपीय संघाने घालून दिलेल्या मर्यादेबाहेर गेले. तेव्हा सरकारने १ जानेवारी २०१८ पासून फॉस्फेट हक्क लागू केले. २ जुलै २०१५ या दिवशी तुमच्याकडे जितकी जनावरे होती तितक्यांपुरताच हक्क, आणि स्वतःच्या जमिनीत शेण जिरवण्याइतके क्षेत्र नसेल तर त्यातूनही ८.३ टक्के कपात. या जोडप्याचा गोठा त्या तारखेला अर्धवट भरलेला होता. कर्जाचा हप्ता मात्र पूर्ण गोठ्याचा होता. हक्क बाजारात विकत मिळत होते. परंतु एका गाईपुरता हक्क घ्यायचा तर हजारो युरो लागत, म्हणजे गाईपेक्षा तिला ठेवण्याची मुभाच महाग झाली होती.

हक्काअभावी विकाव्या लागलेल्या गाई न्यायला गाडी आली त्या सकाळी रोबोच्या संगणकातून त्यांचे पट्टा-क्रमांक काढून टाकण्यासाठी मला बोलावले होते. प्रत्येक गाईच्या गळ्यात एक पट्टा असतो. रोबो त्यावरून तिला ओळखतो, तिच्या वाट्याची पेंड टाकतो आणि सड शोधून दूध काढतो. मालकीणबाई कानातील बिल्ल्यांवरून क्रमांक वाचत होत्या आणि मी एकेक नोंद पुसत होतो. त्यातील एक गाय गाभण होती आणि तिचे दिवस भरत आले होते. तिचा क्रमांक आला तेव्हा बाई थांबल्या, मालकांकडे पाहिले आणि पुन्हा वाचू लागल्या. त्या घरावर अन्याय झाला असे मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो. गोठा बांधून आणि गाई वाढवून झाल्यावर मागची तारीख धरून हिशेब मागणे हे शासनाला शोभणारे नाही.

मात्र त्याच रस्त्यावर, कालव्यापलीकडे, एक वयस्क शेतकरी आहेत. त्यांनी कोटा उठल्यावरही एकही गाय वाढवली नाही, कारण त्यांचे गवत जितक्या गाईंना पुरते तितक्याच गाई त्यांच्या दावणीला असतात. त्यांना त्या ८.३ टक्क्यांची झळ लागली नाही. किती गाई ठेवाव्यात यावरून थोरल्या बंधूंशी माझा जो जुना वाद आहे त्यात हेच उदाहरण मी पुन्हा पुन्हा देतो, आणि ते दर वेळी विषय बदलतात.

आता नायट्रोजनविषयी. शेण आणि मूत्र एकत्र आले की अमोनिया सुटतो, हे गोठ्यात वावरणाऱ्या प्रत्येकाच्या नाकाला ठाऊक आहे. तो अमोनिया वाऱ्याबरोबर जाऊन फेलुवेसारख्या राखीव माळरानांवर आणि जंगलांवर उतरतो. तेथील रेताड, निकस जमिनीत त्यामुळे गवत माजते, मूळची झुडपे दबून जातात आणि माती आंबट होऊन तिच्यातील कॅल्शियम निघून जाते. कॅल्शियम घटले की गोगलगाई घटतात, आणि त्यांच्या शंखांवर अवलंबून असलेल्या लहान पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे कच्ची राहतात. ही कल्पना नाही. तेथील संशोधकांनी हे प्रत्यक्ष नोंदवले आहे. तरीही सरकार गोठे वाढवण्याचे परवाने देत राहिले. अखेर २९ मे २०१९ रोजी तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ही परवाना पद्धत रद्द केली आणि ज्यांनी सांगितले तसे केले होते असे हजारो शेतकरी एका दिवसात बिनपरवाना ठरले. त्याच वर्षी ऑक्टोबरात ट्रॅक्टर रस्त्यावर उतरले आणि मार्च २०२३ मध्ये शेतकऱ्यांच्या बाजूचा नवा पक्ष प्रांतिक निवडणुकांत पहिला आला.

डच नियमांपैकी काही मला सरळ चुकीचे वाटतात. गवताळ जमिनीवर हेक्टरी २५० किलोपर्यंत शेणातील नायट्रोजन टाकण्याची सवलत टप्प्याटप्प्याने काढून ती मर्यादा १७० वर आणली गेली. परिणामी शेतकरी स्वतःचे शेण पैसे देऊन दुसरीकडे पाठवतो आणि त्याच रानासाठी रासायनिक खत विकत आणतो. यात पर्यावरणाचे काय भले झाले, हे मला अद्याप कोणी पटवून दिलेले नाही.

आपल्याकडे असे होईल का? आपल्या बहुसंख्य घरांत दोन-चार जनावरे असतात आणि शेणखताची ट्रॉली विकली जाते. त्यामुळे तशीच्या तशी वेळ येणार नाही, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये गोठ्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत आणि पिण्याच्या पाण्यात नायट्रेट (शेण-मूत्रातून पाण्यात झिरपणारा क्षार) लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये हे मानक आहेच. आमच्या बंधूंना दोन एकरांवर पन्नास संकरित गाईंचा मुक्त गोठा करायचा आहे. मुरघास विकत, पेंड विकत, आणि गोठ्याचे धुणे ओढ्याला, ज्याच्या काठावर खालच्या वस्तीची विहीर आहे. पन्नास गाईंचे शेण दिवसाला सातशे-आठशे किलोंच्या घरात जाते. ते दोन एकरांत कसे जिरणार, याचे उत्तर त्यांच्याकडे नाही. नोटीस आली तर पाहू, असे ते म्हणतात. नोटीस येते तेव्हा गोठा बांधून झालेला असतो आणि हप्ते सुरू झालेले असतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

तुम्हीही गोठ्याचा विचार करीत असाल तर बँकेत जाण्यापूर्वी शेण कोणत्या रानात जाणार, त्या रानाचा मालक कोण आणि धुण्याचे पाणी कोठे मुरणार, हे कागदावर लिहून काढा. पंचवीस किलो शेणामागे साधारण एक घनमीटर गॅस मिळतो, म्हणून गोबरगॅसचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरा. मात्र गॅस निघाल्यावर पातळ शेण, म्हणजे स्लरी, उरतेच, आणि तिला जमीन लागतेच. तेवढी जमीन नसेल तर शेजाऱ्याशी शेणखताचा लेखी करार करा. तोही होत नसेल, तर गाई कमी ठेवा.