चाकाच्या हबात ग्रीस कोणतं आणि किती?

प्रश्न : दहाचाकी गाडी लासलगावहून वाशीला कांदा नेते. कसारा घाट उतरल्यावर मागच्या एका चाकाच्या हबातून (बेअरिंग असतं तो चाकाचा मधला भाग) ग्रीस पातळ होऊन बाहेर आलं, ब्रेकचे लायनर भिजले. मेकॅनिक म्हणतो, एपी थ्री (तीन नंबरचं ग्रीस) काढून काळं ग्रीस भरा, ते जड कामाचं असतं. भरू का? (ट्रकमालक, निफाड)

उत्तर : नका भरू. काळ्या ग्रीसमध्ये बहुधा मॉलिब्डेनम डायसल्फाइडची पूड असते. धातूवर धातू घासतो तिथे, म्हणजे किंगपिनला (पुढचं चाक जिच्यावर वळतं ती खीळ) किंवा ट्रेलर जोडायच्या थाळीला, ती उपयोगी पडते. भरधाव फिरणाऱ्या रोलरला तिची गरज नसते आणि तिच्यामुळे ग्रीस जास्त उष्णता सोसतं असंही नाही.

'तीन नंबर' हा आकडाही फक्त घट्टपणा सांगतो. घोटलेल्या ग्रीसमध्ये २५ अंशांना ठरावीक वजनाचा शंकू सोडतात. तो २२ ते २५ मिलिमीटर रुतला तर तीन नंबर, २६.५ ते २९.५ रुतला तर दोन नंबर. उष्णता किती सोसेल हे मुख्यतः आतल्या साबणावर, म्हणजे तेल धरून ठेवणाऱ्या घट्ट घटकावर, ठरतं. साधं कॅल्शियमचं चासी ग्रीस शंभर अंशांच्या आसपासच सुटतं, हबात ते कधीच घालू नये. साधं लिथियम साधारण १८० अंशांनंतर थेंब सोडतं, पण सतत १२०-१३०च्या वर ठेवलं तर त्याआधीच निकामी होतं. लिथियम कॉम्प्लेक्सचा थेंबबिंदू २५० अंशांच्या आसपास किंवा वर असतो. घाटात ब्रेकचा ड्रम दोन-तीनशे अंशांपर्यंत तापू शकतो आणि ती धग हबात उतरते. म्हणून घाटाच्या गाडीला लिथियम कॉम्प्लेक्स, ईपी (जास्त दाब सोसणारं), व्हील बेअरिंगसाठीचं ग्रीस घ्या. दोन नंबर की तीन, ते गाडीच्या पुस्तकात पाहा.

पण तुमचा खरा दोष ग्रीसचा वाटत नाही. सगळ्या हबांत एकच ग्रीस असताना एकच चाक गळतंय. बाहेर आलेलं बोटांवर चोळून पाहा. तेलासारखं वाहत असेल आणि गिअर ऑइलचा उग्र वास येत असेल, तर डिफरन्शियलचं (मागच्या ॲक्सलमधल्या गिअरपेटीचं) तेल सील (तेल अडवणारी कडी) ओलांडून हबात शिरलंय आणि त्याने ग्रीस धुऊन काढलंय. मग सील बदला, पण आधी सील जिथे टेकतं त्या जागेवरून नख फिरवा. नख अडकलं तर तिथे खाच पडली आहे, नवं सीलही गळेल. ॲक्सलचा ब्रीदर (आतली हवा सोडणारं छिद्र) चिखलाने बुजला असेल तर आत दाब साठून तेल सीलमधून ढकललं जातं, तोही साफ करा. वास नसेल, तर जॅकवर चाक हाताने फिरवून ब्रेक धरून राहून हब तापवतोय का ते बघा. भिजलेले लायनर धुऊन परत लावू नका. त्या ॲक्सलच्या दोन्ही बाजूंचे बदला, नाहीतर ब्रेक लागताना गाडी ओढते.

प्रश्न : आत पिवळं ग्रीस आहे, नवं निळं आणलंय. वरून भरलं तर चालेल? (चालक, चाकण)

उत्तर : लिथियम आणि लिथियम कॉम्प्लेक्सचं सहसा जमतं. पॉलीयुरिया किंवा बेंटोनाइट मातीचं ग्रीस लिथियममध्ये मिसळलं की मिश्रण बरेचदा पातळ होतं आणि गळतं. आत काय आहे हे रंगावरून कळत नाही, त्यामुळे काढून धुणं हाच खात्रीचा मार्ग. डिझेलने धुवा, पूर्ण वाळू द्या. हवेच्या नळीने बेअरिंग गरगर फिरवू नका. कोरडे रोलर घासले जातात आणि पिंजरा (रोलर धरून ठेवणारी चौकट) तुटला तर रोलर उडून इजा होते. धुतल्यावर निळसर झाक, खड्डे किंवा पाण्याचे डाग दिसले तर कोन (रोलरची आतली कडी) आणि कप (बाहेरची कडी) दोन्ही बदला.

प्रश्न : हब गच्च भरावा की नाही? नट किती आवळावा? (गॅरेजवाले, कराड)

उत्तर : बेअरिंग गच्च, हब नाही. तळहातावर ग्रीस घ्या, बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहा. वरच्या कडेला रोलरांमधून ग्रीस डोकावलं की थोडं फिरवा, पूर्ण चक्कर करा. सीलच्या ओठाला बोटभर लावा. हबाच्या पोकळीत एक-तृतीयांश ते अर्धं पुरे. ठासून भरलेलं ग्रीस घुसळलं जातं, तापतं आणि सीलवाटे थेट लायनरवर येतं.

नटाचं माप कंपनीच्या पुस्तकातलंच. पद्धत मात्र बहुतेक टेपर (निमुळत्या रोलरच्या) बेअरिंगना सारखी आहे: चाक फिरवत नट घट्ट आवळून रोलर बसवायचे, पूर्ण सैल करायचा, मग हलका आवळून ठरलेल्या मापाने मागे घ्यायचा. शेवटी डायल गेजवर (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं माप) ०.०२५ ते ०.१२५ मिलिमीटर खेळ, म्हणजे हबाची आत-बाहेर हालचाल, मिळाला पाहिजे. इतका बारीक खेळ चाक हलवून हाताला कळत नाही, डायल गेज विकत घ्याच. लॉक वॉशर दरवेळी नवा.

प्रश्न : नव्या गाडीच्या हबाला निपल (ग्रीस भरायचं तोंड) नाही. ग्रीस कुठून घालायचं? (मालक, चिपळूण)

उत्तर : आधी पुस्तक पाहा. काही ॲक्सलच्या हबांत गिअर ऑइल असतं, काहींची बेअरिंग कारखान्यातच बंद केलेली असतात. ती उघडून ग्रीस भरलं तर बेअरिंग जातं.