फ्रेटलेस बेसच्या तारा खरखरतायत. फिंगरबोर्ड घासून घ्यावा का?

नाही, आत्ताच नाही. घासायचं काम सगळ्यात शेवटी. ट्रस रॉड (नेकच्या, म्हणजे लांब दांड्याच्या आतली, त्याचा बाक ठरवणारी सळई) चुकला तर उलटा फिरवता येतो, घासलेलं लाकूड परत येत नाही.

तुम्ही सांगितलंय ते थोडक्यात असं: जुन्या फ्रेटवाल्या जॅझ बेस गिटारचे फ्रेट (फिंगरबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) उपटून, खाचांमध्ये लाकडी पट्ट्या भरून तो फ्रेटलेस करून घेतला. तारा स्टीलच्या राउंडवाउंड, म्हणजे वर गोल तारेचं वेटोळं असलेल्या, खडबडीत. ई तार मोकळी वाजवली तरी खरखरते, पहिल्या पाच जागांवरही खरखरते, पुढे साफ. ‘जी’ (G) तार मात्र बाराव्या जागेच्या पुढे एक-दोन ठिकाणी झणझणते. आणि काम करून देणारा म्हणतो, ‘बोर्ड गेलाय, घासावा लागेल.’ माझ्या मते हे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यातल्या पहिल्याचा बोर्ड घासण्याशी बहुतेक काही संबंध नाही.

आधी ॲम्प लावून ऐका. रात्री शांत खोलीत, ॲम्पशिवाय, कान बेसच्या अंगाला लावून बसलं की सगळ्याच तारा खरखरतात. ॲम्पमधून जे ऐकू येत नाही त्याच्या मागे लागू नका. उलट बाजूनेही फसगत होते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आणि ई तारेवरची तिसरी जागा, म्हणजे खालचा जी, ४९ हर्ट्झचा. ग्राउंडिंग नीट नसेल तर त्या एकाच स्वरावर सेकंदाला एक अशी हेलकावणारी घरघर येते आणि माणूस नेकला दोष देत बसतो. न वाजवता तारांवर नुसता हात ठेवा. घरघर कमी झाली तर सोल्डरिंगवाल्याकडे जा. सॅडलचे (बॉडीकडे तारा ज्यांवर टेकतात त्या तुकड्यांचे) बारीक स्क्रू आणि खुंट्यांचे नटही एकदा बोटाने दाबून बघा, सैल असले की तेही आवाज करतात.

आता दुसरी गोष्ट. फ्रेटलेसमध्ये थोडी झणझण हवीच असते. तार दाबल्यावर बोटाच्या पुढे ती लाकडाला अगदी उतरत्या कोनात चाटत जाते, त्यातून वरचे स्वरांश फुलतात आणि तो ‘म्वाऽऽ’ येतो. तानपुऱ्याच्या घोडीवर जवारी लावतात तिथेही हेच चालतं: घोडीचा माथा किंचित गोलसर घासलेला असतो, तार त्यावर टेकत-सुटत राहते. मिरजेचे कारागीर एक घास मारतात, तार छेडून ऐकतात, मग पुढचा घास. फ्रेटलेसमध्ये जवारीचं हे काम अख्खा फिंगरबोर्ड करतो. त्यामुळे झणझण साफ मारायची नाही, ती सगळ्या जागांवर सारखी आणायची. स्वर उमलत जात असेल तर राहू द्या. छेडल्याबरोबर ‘टर्र’ होऊन स्वर मरत असेल तर तो दोष.

तुमची ई तार. फक्त मोकळी तार खरखरली असती तर मी नटकडे, म्हणजे खुंट्यांच्या बाजूला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीकडे, बोट दाखवलं असतं. पण बोट ठेवलं की नटचा हिशेब संपतो, तार तिथून पुढेच वाजते. पहिल्या पाच जागाही खरखरतात, म्हणजे नेक गरजेपेक्षा सपाट आहे किंवा मागे वाकली आहे. याला तुमच्या बाबतीत सरळ कारण दिसतं. फ्रेटच्या खाचांमध्ये पट्ट्या घट्ट ठोकून बसवल्या की प्रत्येक खाच पाचरीसारखी थोडी फाकते. अशा वीसेक पाचरी मिळून नेकला मागे ढकलतात. रॉड मात्र जुन्याच ताणावर तसाच राहिलेला.

तपासायला फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) असेल तर उत्तम, नसेल तर प्रिंटरचा कागद आणि व्हिजिटिंग कार्ड पुरे. बेस सुरात लावा, वाजवताना धरता तसाच धरा, मांडीवर आडवा टाकू नका. ई तार पहिल्या रेघेवर (फ्रेटच्या जागी भरलेल्या पट्टीवर) दाबा आणि दुसऱ्या हाताने नेक बॉडीला मिळते तिथे दाबा. तारेचीच फूटपट्टी झाली. आता सातव्या-आठव्या रेघेपाशी तारेखाली बघा. प्रिंटरचा एक कागद, साधारण ०.१ मिलिमीटर, तार न हलता आत सरकला पाहिजे आणि जाडसर व्हिजिटिंग कार्ड, ०.३ च्या आसपास, अडलं पाहिजे. फ्रेटवाल्या बेसला कार्डाएवढी फट चालते, फ्रेटलेसला कमी लागते. कागदच शिरत नसेल आणि तारेवर बोटाने टिचकी मारल्यावर ‘टिक्’ आवाजही येत नसेल तर फट नाहीच.

तसं निघालं तर ट्रस रॉड सैल करायचा: ॲलन की जिथे घालतो त्या टोकाकडून बघत, घड्याळाच्या काट्यांच्या उलट, पाव फेरा. मग परत सुरात लावा आणि रात्रभर ठेवून द्या, लाकूड लगेच बसत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा कागद. की नीट मापाची हवी. इंची स्क्रूला मिलिमीटरची की जबरदस्तीने बसवली की आतलं तोंड गोल होतं आणि मग खर्च खरोखर वाढतो. रॉड आधीच पूर्ण सैल असेल आणि नेक तरी मागेच असेल, तर जास्त ताणाच्या तारा लावून बघा. त्यानेही जमलं नाही तरच पट्ट्यांचं काम उकरायचं.

फट बरोबर आली, पाच जागा साफ झाल्या आणि मोकळी ई तेवढी राहिली, तर मग नट. फ्रेट काढल्यावर जुना नट उंच पडतो, म्हणून तो खाली घासतात आणि तिथे हात जरा जास्त चालतो. नटच्या लगेच पुढे तार आणि बोर्ड यांत त्या व्हिजिटिंग कार्डाएवढी जागा असली की झालं. खाच खोल गेली असेल तर चिमूटभर खाण्याचा सोडा भरून वर फेविक्विकचा एक थेंब टाकतात, दगडासारखं होतं, मग पुन्हा कोरायचं. तात्पुरतं बरं आहे, हाडाचा नवा नट केव्हाही चांगला. खाचेचा सर्वात उंच बिंदू बोर्डाकडच्या कडेला हवा. तो मागे असला की मोकळी तार सतारीसारखी बोलते.

जी तारेचं प्रकरण निराळं. तारा सैल करून बाजूला सारा, खोलीतला दिवा घालवा आणि मोबाइलचा टॉर्च बोर्डाला जवळजवळ टेकवून तिरपा मारा. स्टीलच्या राउंडवाउंड तारा रोझवूडवर कानसच चालवतात. ज्या जागांवर तुम्ही जास्त व्हायब्रेटो करता तिथे बारीक समांतर चऱ्या दिसतील. तार चरीत बसली की चरीची पुढची कड तिला लागते. चरी नसतील तर बॉडीजवळ बोर्ड किंचित वर उचललेला असू शकतो, ते स्टीलच्या लांब पट्टीने कळेल. दोन्हीतलं काही निघालं तर मात्र घासणं आलंच, आणि ते तुमच्या बोर्डाच्या गोलाईच्याच ठोकळ्याने, रॉडने नेक आधी सरळ करून. बोर्डावर आडव्या पेन्सिलीच्या रेघा मारून घासायला लावा. जिथे रेघ उरते तिथे खड्डा. रेघा सगळीकडे सारख्या पुसल्या की थांबायचं. हातात नुसता पॉलिश पेपर धरून घासणाऱ्याकडे बेस देऊ नका.

घासल्यावर परत त्याच तारा लावणार असाल तर बोर्डाला लेप हवा. फ्रेटलेस गाजवणारा बेसवादक जॅको पास्टोरियसही राउंडवाउंडच वाजवायचा, पण त्याच्या १९६२ च्या जॅझ बेसच्या बोर्डावर होड्यांना लावतात ते इपॉक्सी चढवलेलं होतं. लेप नको असेल तर फ्लॅटवाउंड, म्हणजे सपाट वेटोळ्याच्या गुळगुळीत तारा घ्या. चकाकी थोडी जाते, बोर्ड वाचतो. मी स्वतः फ्लॅटच लावतो.

आणि बोटाची जागा. फ्रेटवाल्या सवयीने आपण रेघेच्या मागे दाबतो. फ्रेटलेसला बोट रेघेवरच हवं आणि दाब पक्का, नाहीतर सूर उतरतो आणि खरखरही वाढते.

रॉडचा पाव फेरा देऊन, रात्र जाऊ देऊन, फट किती आली ते लिहा. मोकळी ई तरीही बोलत असेल तर नटचा फोटो टाका, समोरून नको, बाजूने.