संकल्प रकमेचा नको, वाट्याचा करा

पत्र थोडक्यात असं: वणीकडचे एक कास्तकार, पाच एकर कोरडवाहू वावर. पत्नी खाजगी दवाखान्यात कामाला, पगार महिना ११,००० रुपये. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, नव्या इमारतीसाठी दोन वर्षांत ७५,००० रुपये देण्याचा संकल्प त्यांनी केला. २५,००० दिले, उरलेले ५०,००० ईस्टरपर्यंत द्यायचेत. यंदा पावसानं कापूस झोडपला. पत्नीचे दागिने गहाण ठेवून संकल्प फेडावा का, आणि दशांश (देवाला द्यायचा कमाईचा दहावा हिस्सा) पूर्ण चुकाऱ्यावर, म्हणजे माल विकून आलेल्या सगळ्या पैशावर, काढावा की खर्च वजा करून, असं ते विचारतात. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ईस्टरनंतर बघू, असंही त्यांनी लिहिलंय.

दादा, जय ख्रिस्त.

दागिने गहाण ठेवू नका. यावर मला दोनदा विचार करावा लागला नाही. दशांशाच्या प्रश्नावर मात्र बराच वेळ बसलो.

काटापट्ट्यांचे आणि वहीचे फोटो पाठवलेत, बरं झालं. कापूस १५ क्विंटल, ७,००० च्या भावानं १,०५,०००. सोयाबीन ६ क्विंटल, ४,२०० नं २५,२००. एकूण चुकारा १,३०,२००. बी, खत, फवारणी, निंदण, डवरणी मिळून ७१,००० आणि वेचणी १० रुपये किलोनं १५,०००, म्हणजे खर्च ८६,०००. हातात राहिले ४४,२००. पूर्ण चुकाऱ्यावर दशांश १३,०२० होतो, हातात राहिलेल्यावर ४,४२०.

बायबलातल्या अनुवाद या पुस्तकात शेताच्या सगळ्या उपजाचा दशांश सांगितलाय, हे तुमचं म्हणणं खरं आहे. आजही कोणी पूर्ण चुकाऱ्यावर देत असेल तर त्याच्या श्रद्धेपुढे मी हात जोडतो. पण तेव्हाच्या शेतकऱ्याच्या डोक्यावर कृषी केंद्राची उधारी नव्हती. शिवाय वेचणाऱ्या बायांची मजुरी ही तुमची कमाईच नाही, ती त्यांची आहे. कापणी करणाऱ्यांची अडकवलेली मजुरी ओरडते, असं याकोबानं आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात लिहिलंय. त्यामुळे माझं मत ४,४२० ला. फक्त एक सांभाळा: लागवडीचा खर्च वजा केल्यावर वर पीककर्जाची परतफेडही वजा करू नका. तो खर्च त्याच कर्जातून झालाय. एकाच पैशाची दोनदा वजाबाकी झाली तर दशांश खोटा ठरतो.

ते ९०,००० चं पीककर्ज सगळ्यात आधी फेडा. मुदतीत भरलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून ३ लाखांपर्यंत व्याज पडत नाही. मुदत हुकली की ही सवलत जाते, जूनमध्ये नवं कर्ज अडतं आणि बियाण्यासाठी सावकाराचं दार गाठावं लागतं. याउलट १२ टक्क्यांनी ५०,००० चं सोनेतारण घेतलंत तर वर्षाचं व्याजच ६,०००. वावराच्या अख्ख्या दशांशापेक्षा ते जास्त! देवाला द्यायचं म्हणून काढलेल्या कर्जात पहिला वाटा कर्ज देणाऱ्याचाच.

आता घराचा हिशोब. पगाराचे १,३२,००० आणि वावराचे ४४,२०० मिळून वर्षाला १,७६,२००. घरखर्च १,२६,०००, मुलाची फी २४,०००. उरतात २६,२००. त्यात दोन्हींचा दशांश १७,६२० बसतो, आणि तो द्याच. ठरवून देण्याची ही सवय तुम्ही वाईट वर्षातही सोडली नाही, याचा मला आनंद आहे. मागे राहतात ८,५८०. यातून ईस्टरपर्यंत ५०,००० निघत नाहीत.

संकल्प मोडू नका, त्याचं रूप बदला. कोरडवाहू कास्तकारानं पुढच्या हंगामाच्या भरवशावर रकमेचा शब्द देऊच नये, वाट्याचा द्यावा. पगारातून महिना ३०० इमारतीसाठी, आणि दरवर्षीच्या तुरीच्या पैशातून (वरच्या हिशोबात ते धरलेले नाहीत) दशांश काढून राहील त्याचा चौथा हिस्सा. दोन क्विंटल तूर ६,५०० नं गेली तर तो हिस्सा २,९२५ होतो. या हिशोबानं सात-आठ वर्षं लागतील. लागू द्या. चांगलं पिकलं की वाटा आपोआप वाढेल. तुरीचे बाकीचे पैसे पोस्टात ठेवा, अडीअडचणीला.

माझी आजी भाकरीचं पीठ काढायच्या आधी मूठभर पीठ देवासाठी वेगळ्या डब्यात टाकायची. मिझोराममधल्या घरांत अशीच मूठभर तांदळाची रीत आहे. दुष्काळातही आजीचा डबा रिकामा गेला नाही, कारण मूठ पिठाच्या मानानं लहान-मोठी व्हायची. पौलानं करिंथकरांस दुसऱ्या पत्रात हेच लिहिलंय: जवळ आहे त्या मानानं दिलेलं मान्य होतं, नसलेल्याच्या मानानं नाही (८:१२).

रविवारी मंडळीत संकल्पाच्या बाकीदारांची नावं वाचतात, त्याची लाज वाटते, असं तुम्ही लिहिलंत. ही नावं वाचणं बंद करा, असं वडील मंडळाला, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांना, सांगायला हवं. पण तोवर गप्प राहू नका. स्वतः जाऊन वाट्याचा नवा संकल्प लेखी द्या, दिलेल्या २५,००० ची पावती घ्या. कराच्या सवलतीचा विचार सोडा, तुम्हाला प्राप्तिकर लागतच नाही.

आईचं ऑपरेशन ईस्टरनंतर नको. देवाला वाहिलं म्हणून आईबापांना नाकारणाऱ्यांना प्रभूनं मार्कच्या शुभवर्तमानाच्या ७ व्या अध्यायात काय सुनावलं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. जिल्हा रुग्णालयात मोतीबिंदूचं ऑपरेशन मोफत होतं. या आठवड्यात तारीख घ्या, आणि पाळकसाहेबांकडे (मंडळीच्या धर्मगुरूंकडे) जाताना वहिनींना आणि ती वही दोन्ही सोबत न्या.