ब्राउझरमधून गाणे जतन करताना

प्रश्न : संगीत ऐकवणाऱ्या संकेतस्थळांवरील ध्वनिमुद्रणे मी संगणकावर ब्राउझरमधून ऐकतो. इंटरनेट नसतानाही ती ऐकता यावीत, अशी माझी इच्छा आहे. काही ठिकाणी उजवी क्लिक केल्यावर ‘सेव्ह ऑडिओ अ‍ॅज’ हा पर्याय दिसतो, तर काही ठिकाणी तो दिसतच नाही. गाणे माझ्याच संगणकावर वाजते, तर ते कुठेतरी साठवलेले असणारच ना? एका मित्राने यासाठी एक एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, सुचवले आहे. ते वापरावे काय?

उत्तर : आपला तर्क अर्धा बरोबर आहे. गाणे आपल्या संगणकापर्यंत येते हे खरे, परंतु ते कोणत्या रूपात येते यावर सारे अवलंबून असते. संकेतस्थळाने एमपी३ सारखी अखंड फाईल पानावर सरळ ठेवलेली असेल, तर ब्राउझर ती ओळखतो आणि जतन करण्याचा पर्याय देतो. मोठ्या सेवा मात्र बहुधा तसे करत नाहीत. त्या गाण्याचे काही सेकंदांचे तुकडे करून ते एकामागून एक पाठवतात. ब्राउझर ते मेमरीत जोडून वाजवतो आणि पुढचे येऊ लागले की मागचे टाकून देतो. ब्राउझरच्या तात्पुरत्या साठ्यात, म्हणजे कॅशमध्ये, त्यांतले काही मागे राहिले, तरी त्यांच्या नावांवरून कोणता तुकडा कोणत्या गाण्याचा हे कळत नाही.

याहून पुढची पायरी कूटबद्धतेची, म्हणजे किल्लीशिवाय उलगडणार नाही अशा रूपात गाणे पाठवण्याची, आहे. ब्राउझरमध्ये कूटबद्ध ध्वनी व चित्रफिती वाजवण्याची पद्धत वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेने २०१७ मध्ये अधिकृत मानक म्हणून स्वीकारली. गूगलचे वाइडव्हाइन हे अशा व्यवस्थेतले परिचित उदाहरण होय. येथे तुकडे हाती लागले तरी त्यांची किल्ली ब्राउझरमधील एका बंदिस्त घटकाकडेच असते. ते कुलूप तोडणे सेवेच्या अटींच्या विरुद्ध असतेच, शिवाय अनेक देशांच्या कॉपीराइट कायद्यांत तो स्वतंत्र अपराध मानला आहे. मी तो मार्ग सांगणार नाही.

एक्स्टेन्शनबद्दल मला अधिक काळजी वाटते. जोडताना ते ‘सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचणे व बदलणे’ अशी परवानगी मागत असेल, तर त्या ‘सर्व’मध्ये आपला ईमेल आणि बँकेचे पानही येते. चार गाण्यांसाठी एवढी मोकळीक अनोळखी हाती देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी, देणाऱ्याने स्वतः खुले ठेवलेले दार आधी शोधावे. साउंडक्लाउडवर कलावंताने अनुमती दिली असेल तर डाउनलोडचा पर्याय दिसतो. बँडकॅम्पवर विकत घेतलेले संगीत एमपी३ किंवा फ्लॅक (आवाजातले तपशील न वगळणारा फाईलचा प्रकार) रूपात उतरवून घेता येते. इंटरनेट आर्काइव्हवर कलावंतांच्या संमतीने ठेवलेल्या मैफलींचा मोठा साठा आहे. सशुल्क सेवांच्या अ‍ॅपमधील ‘ऑफलाइन’ सोयीने आपली इंटरनेटविना ऐकण्याची गरज भागेल, मात्र ती फाईल त्या अ‍ॅपबाहेर वाजत नाही आणि वर्गणी थांबली की तेथेही बंद होते.

प्रश्न : रीतसर उतरवलेली माझी काही गाणी १२८ केबीपीएसची (म्हणजे दर सेकंदाला १२८ किलोबिट माहितीची) आहेत. ती ३२० केबीपीएसमध्ये बदलून घेतल्यास आवाज सुधारेल काय?

उत्तर : सुधारणार नाही, उलट किंचित बिघडेल. एमपी३ तयार होतानाच कानाला कमी जाणवणारे तपशील वगळले जातात आणि एकदा गेलेले ते परत येत नाहीत. पाच मिनिटांची सुमारे ४.८ एमबीची फाईल १२ एमबीची होते, पण वाढलेल्या जागेत नवे काहीच नसते. फाईल नव्याने दाबून लहान करताना होणाऱ्या हानीची तेवढी भर पडते. म्हणून मिळालेली फाईल आहे तशीच ठेवावी, गाण्याचे व कलावंताचे नाव तिच्या टॅगमध्ये, म्हणजे फाईलमधल्याच माहितीच्या नोंदीत, भरावे आणि एक प्रत दुसऱ्या डिस्कवर करावी. तेच ध्वनिमुद्रण फ्लॅकमध्ये उपलब्ध असेल, तर ते नव्याने उतरवून घेतल्यानेच आवाजात सुधारणा होईल.